शेठच्या ऑफिसातला बुटका सोफा

मी बुटका सोफा बोलतोय. दचकू नका, बसा म्हणत नाही. माझ्यावर बसून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

जन्मलो तेव्हा चारचौघांसारखाच होतो. पण मला घेतलं सिनेमे काढणाऱ्या एका शेठनं, आणि आल्या आल्या सुतार बोलावून माझे पाय निम्मे कापले. का? तर समोरच्याचे गुडघे हनुवटीला टेकले पाहिजेत आणि त्यानं मान वर करून शेठकडे बघितलं पाहिजे.

सुतार म्हणाला, "अहो, माणूस उठणार कसा?"

"मी उठवीन की!" शेठ म्हणाला. शी! तेव्हाच माझ्या कापसाला त्याची किळस आली.

या धंद्यात लिहिलेलं कुणी वाचत नाही. लेखकानं अख्खा सिनेमा तोंडी ऐकवायचा. दार वाजवणारा तोच, दार उघडणारा तोच, रडणारी बाईही तोच. शेठ डोळे मिटून बसतो. लेखकाला वाटतं, रंगलाय. माझ्यासमोरच ते पोट खालीवर होत असतं, मला विचारा! घोरत नाही एवढेच उपकार.

एकदा एक नवखा आला. ना ओळख ना पाळख. गोष्ट त्याच्या आईची. इस्पितळातल्या चादरी धुण्यात जन्म घालवलेली ही बाई एक दिवस स्वतः अंथरलेल्या पलंगावर आडवी होते आणि म्हणते, "आज मी उठणार नाही. काय करायचं ते करा." पोरानं ते असं सांगितलं की मी लाकडाचा, तरी माझ्या अंगावर काटा आला.

शेठ जागा झाला. "फस्क्लास! आई तेवढी तरुण करा."

"अगदी माझ्या मनातलं बोललात, दाजी," पोराशेजारी माझ्यावरच बसलेला शेठचा मेव्हणा म्हणाला. त्याच्या मनात एरवी जेवण असतं.

पोरानं आई तरुण केली. पुढच्या खेपेला इस्पितळ नको झालं, वास येतो म्हणे, हॉटेल आलं. मग गोष्टीतला मुलगा गेला, प्रियकर आला. मग मेव्हणा म्हणाला, "ती झोपते कशाला? नाचू दे!" आणि हा मठ्ठ दरवेळी, "चालेल शेठ, करतो शेठ." मी स्प्रिंग टोचून टोचून दमलो. गडी नुसता सरकून बसायचा. त्याचीही शिसारी आली मला.

त्याला एकच हवं होतं: पडद्यावर लेखक म्हणून नाव. दाराबाहेर थांबलेला असताना आईचा फोन यायचा, ती इतकी मोठ्यानं बोलायची की मला आत ऐकू यायचं.

"येणार ना रे नाव?"

"येणार गं. तू जेवलीस का?"

शेवटी शेठनं बोलावलं. "सिनेमा ठरला. लेखक म्हणून मेव्हण्यांचं नाव टाकतोय."

"आणि माझं?"

"तुझं काय आहे त्यात? हॉटेल माझं, प्रियकर माझा, नाच यांचा. तू नुसती मान हलवलीस. आभारात टाकू हवं तर, आईला दाखव."

मेव्हणा खी खी हसला. त्याच्या बुडात मी अशी स्प्रिंग घातली की हसणं घशातच राहिलं. पण पोरगा? त्याच्या ओठांवर 'चालेल' आलं होतं, देवाशप्पथ! मी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे यात माझं काहीच नाही?"

"तिळभर नाही."

"मग म्हातारी माझ्याकडेच राहिली."

शेठनं मेव्हण्याकडे बघितलं. "कुठली म्हातारी?"

पोरगा जमिनीला हात टेकून, धडपडत उठला आणि निघून गेला.

सिनेमा आला, आणि वर चाललाही! शेठनं नवा सोफा घेतला. मी मागच्या गोदामात. उंदीर कुरतडतात, पण निदान सूचना करत नाहीत.

पोराचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. तुमच्या दारी तो ती गोष्ट घेऊन आलाच, तर मधे बोलू नका. बाई आता कुठे आडवी झालीय. पडू द्या तिला.