निळ्या रंगाखालची झांज

“ढोलकी आली, पेटी आली, रंगराव भाऊजी मधातच खाकरले थेबी आलं. माही झांज कुठी हाय?” तानाबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

माणिकराव अंगणात निंबाखाली, कॅसेटवरचं गाणं वाजवणाऱ्या दोन लाकडी स्पीकरच्या खोक्यांपुढे मांडी घालून बसले होते. हातात पेचकस होता.

“येते नं वं. दम धर.”

“दम धरू? ऊन उतरलं का तो संघर्ष येते.”

संघर्ष म्हणजे यंदाचा जयंती मंडळाचा अध्यक्ष. सकाळीच सांगून गेला होता, “आबा, मागच्या साली तुमच्या बॉक्सांतून नुसतं घुमघुम आलं. पोट्टे हासले. आज साफ वाजले त मिरवणुकीत पह्यलं गाणं यांचंच. नाई त डीजे सांगून ठेवला हाय, अन् हे जातीन कोठीत.”

वरवट बकालमध्ये कितीक वर्षं जयंतीचं पहिलं गाणं याच खोक्यांतून निघत आलं होतं. गाणं रंगरावांच्या गायन पार्टीचं. रंगराव माणिकरावांचे थोरले भाऊ. ते गायचे, तानाबाई झांज धरायची आणि माणिकराव साउंड सांभाळायचे. रंगराव गेले, पार्टी मोडली. उरली ती एक कॅसेट आणि ही खोकी. खोक्यात खाली ढोलकीचा दणका देणारा मोठा स्पीकर, आणि वर मुठीएवढा ट्विटर. बारीक, धारदार आवाज त्याचा. तोच मुका झाला होता.

माणिकरावांनी सेल लावून पाहिला. ट्विटर खट् बोलला. म्हणजे जीव होता. मग त्याच्यापर्यंत बारीक आवाज पोचवणारा आतला कंडेन्सर काढला. तो वाळून फुगला होता. दोन्ही खोक्यांत नवा टाकला, कथिलाचा डाग दिला, मागची फळी ठोकली आणि कॅसेट लावली.

“आता?”

“थोडकं आलं. पन असं वाटते का मी गोधडीत बसून वाजवून राह्यली.”

तानाबाई खोक्याजवळ टेकली. पुढच्या कापडावर तिनं बोट मारलं. टक् असा आवाज आला.

“अवो, हे कापड हाय का पत्रा?”

माणिकरावांनी नखानं खरवडलं. निळ्या रंगाची खपली निघाली. तिच्याखाली निळाच रंग, त्याच्याखाली आणखी निळा. दर जयंतीला विहाराचं दार रंगवलं की उरलेला ऑइलपेंट तानाबाई या खोक्यांना द्यायची. आधी लाकडाला द्यायची, मग कापड जुनं दिसतं म्हणून कापडालाही.

“तानाबाई! तुह्याच हातानं तुही झांज लिंपली वं!”

“अन् रंगाचा डबा कोन धरे? बाजूले उभं राहून ‘थ्या कोपऱ्यात मार, थ्या कोपऱ्यात मार’ कोन म्हने?”

माणिकराव खो खो हसत सुटले. तानाबाईही पदर तोंडाला लावून हसली. तिनं घरातून जुनी मच्छरदाणी आणली आणि रंगानं कडक झालेलं कापड फाडून काढून तिची जाळी दोघांनी खोक्यांवर ताणून बसवली. गाणं पुन्हा लागलं.

तानाबाई जागच्या जागी उभी राहिली.

भिंतीपलीकडून शालूबाई ओरडली, “कावो तानामाय, या वयात झांज काऊन काढली?”

“मी नाई वं! खोकं वाजवून राह्यलं!”

माणिकरावांनी एका खोक्याला कान लावला, मग दुसऱ्याला. कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा पेचकस उचलला.

“आता कायले खोलता?”

“कुठी हाय झांज? ढोलकीच हाय नुसती.”

तानाबाईनं गाणं बंद केलं. घरात जाऊन ट्रंकेच्या तळातून झांज आणली आणि त्यांच्यासमोर बसून वाजवली. दोन पितळी वाट्या एकमेकींना भिडताना माणिकरावांना दिसल्या. बारीकसा खट् ऐकू आला. त्याच्यामागून यायचा तो झणकार आला नाही. तिनं पुन्हा वाजवली. पुन्हा खटच.

त्यांचा सारा जन्म दणाणणाऱ्या कर्ण्यांच्या पुढ्यात गेला होता. त्यांनी पेचकस हळूच खाली ठेवला.

“म्हंजे खोकं बरं हाय,” ते म्हणाले, “मिस्तरीच बिघडला.”

“काई नाई बिघडला.”

“कंडेन्सर वाळला वं माहा. अन् हा काई दुकानात भेटत नाई.”

तानाबाईला हसू आवरेना. तिनं हसत हसतच त्यांच्या कानावरची निळी खपली झटकली.

ऊन उतरलं तसा संघर्ष धावत आला. “जयभीम आबा! नदीवरच्या रस्त्यापर्यंत आवाज गेला ना! पोट्टे इचारतात, नवीन आनले का?”

“जुनेच हायेत,” माणिकराव म्हणाले. “तोंड धुतलं फक्त.”

संध्याकाळी खोकी फुलं लावलेल्या गाडीवर चढली. विहारापुढे पहिलं गाणं सुरू झालं, तशी मागच्या साली हसलेली पोरं नाचायला लागली. माणिकराव गाडीचा दांडा धरून उभे होते. तानाबाई शेजारी होती. झांजेच्या प्रत्येक ठोक्याला ती त्यांच्या मनगटावर बोट टेकवत होती आणि ते मान हलवत होते.

शेवटच्या कडव्याला शालूबाईनं तिला ओढून नाचात नेलं. मनगट मोकळं झालं. माणिकरावांनी डोळे मिटून घेतले. मान मात्र ठोक्याला हलत राहिली, आणि एकदाही चुकली नाही.