कडा कापलेले अंक

चिमीचं वय पन्नाशीच्या घरात होतं, डोळ्यांवर जाड चष्मा होता आणि चष्म्याच्याच दुकानात भिंगं बसवण्याची तिची नोकरी होती. तरी घरात तिचं नाव अजून चिमीच. ते वडिलांनी ठेवलेलं, आणि वडील बाइंडर, पुस्तकं बांधणारे. त्यांनी एकदा चिकटवलेलं सहसा सुटत नसे.

शहरात जुन्या कॉमिक्सवाल्यांची एक मंडळी होती. अधूनमधून कुणा एकाच्या घरी जमायचं, यजमानानं आपला संग्रह मांडायचा, बाकीच्यांनी तो बघून वाहवा करायची आणि मनातल्या मनात जळायचं, असा कार्यक्रम असे. नियम मात्र कडक होते. हात धुवायचे, कोरडे करायचे, पांढरे सुती हातमोजे घालायचे, मगच खोलीत पाऊल टाकायचं. चहा मिळे, पण दुसऱ्या खोलीत. प्रत्येक अंक स्वतःच्या प्लास्टिकच्या पिशवीत, पाठीमागे ताठ पुठ्ठा, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद. कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या. खिडकीला जाड पडदा, कारण ऊन आधी लाल रंग खातं, मग पिवळा, आणि भिंतीवर लावलेला एखादा शूरवीर वर्षभरात आजारी दिसू लागतो.

मंडळींचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं, पण ते खुर्चीत बसले की ती खुर्ची अध्यक्षांची होऊन जाई. अंकाची पिन गंजलेली दिसली की किडकी दाढ दिसल्यासारखं तोंड करायचे. ‘बांधलेला अंक म्हणजे मेलेला अंक,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. ‘आणि कडा कापलेल्या असतील, तर त्याचं नावही माझ्यासमोर काढू नका.’

हे वाक्य आलं की चिमी खिडकीच्या पडद्याकडे बघत बसे. कित्येक वर्षं ती या मंडळींत नुसती बघायला येत होती. आपल्या घरी काय आहे ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या घरी नेमकं तेच होतं.

लहानपणी दर शनिवारी बाबा तिला ‘आकाशस्वार’चा नवा अंक आणून देत. आकाशस्वार लाल झगा घालून ढगांवरून घोडा दौडवायचा आणि सम्राट शून्य नावाच्या खलपुरुषाशी लढायचा. चिमी प्रत्येक अंक पाठ होईस्तोवर वाचायची आणि मग तो कुठेही टाकायची, पलंगाखाली, चपलांच्या फळीवर, एकदा तर पिठाच्या डब्यात. बाबांना ते बघवेना. मालिका संपली त्या वर्षी, तिच्या वाढदिवशी, त्यांनी सगळे अंक गुपचूप कारखान्यात नेले आणि त्यांचे जाडजूड लाल खंड बांधून आणले. कण्यावर सोनेरी अक्षरांत ‘चिमी’. पिना काढून, दोऱ्यानं शिवून, पुठ्ठा चढवून, आणि तिन्ही कडा यंत्राखाली घालून साफ कापून. तिसऱ्या खंडाच्या वेळी पातं जरा जास्तच आत गेलं, आणि पानापानावर वरच्या संवादाच्या फुग्यातली पहिली ओळ कापली गेली. चिमी ढसाढसा रडली होती. बाबांशी कित्येक दिवस बोलली नव्हती.

या वेळी ज्याची पाळी होती त्याच्या घरात रंगकाम निघालं. ‘आता कुणाकडे?’ अध्यक्षांनी विचारलं. सगळे आपापल्या हातमोज्यांकडे बघू लागले. आणि चिमीची जीभ घसरली.

‘माझ्याकडे या. आकाशस्वारचा पूर्ण संच आहे माझ्याकडे.’

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पूर्ण संच आजवर फक्त अध्यक्षांकडे होता. त्यांनी चष्मा वर केला. ‘पूर्ण? शेवटच्या अंकासकट?’

‘शेवटच्या अंकासकट.’

बांधलेला आहे, हे सांगायला तिचं तोंडच उघडलं नाही. घरी येईपर्यंत तिला पुढचं सगळं दिसू लागलं. येत्या रविवारी मंडळी येणार, लाल खंड बघणार, नाकं मुरडणार, आणि इतकी वर्षं जपलेली तिची एवढीशी जागाही जाणार. ती जागा तिला हवी होती. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांना भिंगं लावणाऱ्या बाईला आपलं असं बघण्याजोगं काहीतरी आहे, हे एकदा तरी चारचौघांत दाखवायचं होतं.

‘फोन करून सांगून टाक की बांधलेत म्हणून,’ नवरा म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि सगळी गणितं अशीच एका ओळीत सोडवायचा.

‘आणि हसं करून घेऊ? त्यापेक्षा उसवते. अंक सुटे करते आणि पिशव्यांत घालते. कापलेल्या कडा पिशवीत फारशा कळत नाहीत.’

‘आणि बाबा?’

बाबा त्यांच्याकडेच राहायचे आणि पलीकडच्याच खोलीत होते. चिमीनं आवाज खाली आणला. ‘बाबा शनिवारी आत्याकडे जाणारेत. तेव्हा उरकते. त्यांना कळायचं नाही.’

ती पिशव्या आणि पुठ्ठे घेऊनही आली. ते गठ्ठे तिनं कपड्यांच्या कपाटात चोरासारखे लपवले.

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा बाबा आत्याकडे गेले नव्हते. जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर पहिला खंड, हातात त्यांचा जुना चाकू, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. पुठ्ठ्याच्या आतला कागद त्यांनी कडेनं सोडवायला घेतला होता.

‘बाबा, काय करताय?’

‘उसवतोय. तू केलंस तर पानं फाटतील. कुठला दोरा कुठे गेलाय, ते मला ठाऊक आहे.’

‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘या घराच्या भिंती पातळ आहेत, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.’ त्यांनी चाकू पुसला. ‘मला माहीत नव्हतं गं, की याच्यानं त्यांची किंमत जाते. मला वाटलं, पोरीचे अंक कुठेही लोळतात, नीट करून द्यावेत. आणि कडा कापल्याशिवाय पुस्तक हातावेगळं करायचंच नाही, ही आमच्या धंद्यातली सवय. न कापलेलं पुस्तक दिलं की मालक ओरडायचा. तेव्हा हात आपोआप यंत्राकडे गेला.’

चाकू पुठ्ठ्याच्या सांध्यात अगदी सरळ चालला होता. चिमीला आपलीच लाज वाटली. माणूस ऐंशीच्या पुढचा, आणि त्याला तिनं स्वतःच्या हातानं आपलंच काम मोडायला बसवलं होतं. कुणासाठी? एका दातांच्या डॉक्टरसाठी.

तिनं त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला.

‘अगं पण उद्या लोक येणार—’

‘येऊ देत. बघायचं तर बघतील, नाहीतर चहा पिऊन जातील. माझे अंक असेच राहणार.’

‘तुझं हसं होईल.’

‘होऊ दे.’ तिनं चाकू खणात टाकला.

बाबांनी थोडी पिठाची खळ शिजवली आणि सुटलेला कागद पुन्हा चिकटवला. त्यावर जड पाटा ठेवला.

रविवारी चिमीनं जेवणाचं टेबल खोलीच्या मधोमध ओढलं, त्यावर पांढरी चादर घातली आणि लाल खंड ओळीनं मांडले. भिंतीशी खुर्च्या ठेवल्या, खाली सतरंजी अंथरली, घरात होत्या तेवढ्या उशा आणून टाकल्या. ‘प्रदर्शन आहे की झोपायला येणारेत?’ नवऱ्यानं विचारलं. पाठ दुखते असं सांगून बाबा आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांची पाठ कधीच दुखत नसे.

मंडळी आली. हात धुतले, हातमोजे चढवले, खोलीत शिरली आणि टेबलाशी येऊन थबकली. कुणीतरी खोकलं.

अध्यक्षांनी एक खंड दोन बोटांनी जरासा उचलला. ‘बांधलेत,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘कडाही कापल्यात.’

‘हो. माझ्या वडिलांनी. ते बाइंडर होते आणि मी लहान होते.’ चिमीचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच ठाम निघाला. ‘संच पूर्ण आहे. तपासून घ्या. नाहीतर असं करा, तपासण्यापेक्षा वाचाच. आणि ते हातमोजे काढा, त्यांनी पान उलटत नाही.’

सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. अध्यक्ष छताकडे बघू लागले. मंडळींत एक बेकरीवाला होता, पोटानं आणि मनानं मोठा. त्यानं पहिल्यांदा हातमोजे काढून खिशात कोंबले, पहिला खंड उचलला आणि सतरंजीवर उशीला टेकून बसकण मारली. दोन पानं उलटली आणि खो खो हसला. ‘घोडा ढगात अडकलाय! हे मी साफ विसरलो होतो.’

मग दुसरा बसला. तिसऱ्यानं दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावायला सुरुवात केली. पाहता पाहता खोलीत पानांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईनासं झालं. एरवी पिनांच्या गंजावर तासभर वाद घालणारी ही माणसं शाळकरी पोरांसारखी पालथी पडून वाचत होती.

अध्यक्ष तेवढे उभे होते. त्यांनी नेमका तिसरा खंड उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘हे बघा. हे असं होतं. वरची ओळच नाही. सम्राट शून्य इथे काय म्हणतोय, कळायला मार्ग आहे?’

चिमी स्वयंपाकघराच्या दारात चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही. ‘ “तुझा घोडा माझ्या तबेल्यात आहे, मूर्खा.” दीपगृहाचं पान ना?’

अध्यक्षांनी पानाकडे पाहिलं. पान दीपगृहाचंच होतं. त्यांनी ते उलटलं. ‘आणि इथे?’

‘म्हातारी दार उघडते तिथे? “इतक्या उशिरा कोण उडत आलं?” ’

‘आणि हे?’

‘ “पूल पडला तर पडू दे, माणसं आधी.” ’

आता सगळ्यांनीच वाचन थांबवलं होतं. खंड हातोहात फिरू लागला, कुणी मधलं पान काढून विचारी, कुणी शेवटचं. चिमी कपांत चहा ओतता ओतता उत्तरं देत होती आणि एकदाही अडली नाही. ‘कापण्याआधी पाठ होते ना सगळे,’ ती म्हणाली. ‘ओळी गेल्या म्हणून रडले, आणि मग विसरू नयेत म्हणून रोज झोपताना म्हणायची.’

बेकरीवाला अध्यक्षांकडे वळला. ‘डॉक्टर, तुमच्याकडे तर अख्खा अंक आहे. ताई बरोबर सांगताहेत का हो?’

अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘ठाऊक नाही,’ ते म्हणाले. ‘मी तो उघडलेला नाही. घेतला तेव्हा बंद पिशवीत होता. उघडला की कण्यावर घडी पडते.’ ते खुर्चीत बसले, आणि या वेळी ती खुर्ची साधी खुर्चीच राहिली. ‘लहानपणी आमच्या घरी सुरुवातीचेच अंक यायचे. पुढचे सगळे मी मोठेपणी जमवले. शेवटी आकाशस्वाराचं काय होतं, ते मला माहीत नाही.’

कुणी हसलं नाही. बरेच जण खाली बघत होते, कारण त्यांच्याही कपाटात अशा न उघडलेल्या पिशव्या होत्याच.

चिमीनं किटली खाली ठेवली, हात पुसले, शेवटचा खंड उचलला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी आपणहून हातमोजे काढले.

‘सांगू नका हं,’ ते म्हणाले.

दुपार अशीच सरली. चहा मात्र सगळ्यांना स्वयंपाकघरातच प्यावा लागला. चिमी झाली तरी शेवटी संग्राहकच. निघताना एकेक जण दारात रेंगाळत होता. पुन्हा कधी येऊ, मधला खंड अर्धाच राहिलाय, बायकोला घेऊन आलं तर चालेल का? चिमीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि ते लपवण्याचा तिनं काडीचाही प्रयत्न केला नाही.

अध्यक्ष उठले नाहीत. दिवे लागले तरी ते खुर्चीत वाकून वाचतच होते. ‘यांचंही ताट वाढायचं का?’ नवऱ्यानं चिमीच्या कानात विचारलं.

घर शांत झालंसं वाटून बाबांनी दार उघडलं आणि ते बाहेर आले. अध्यक्षांना बघून दारातच थांबले. अध्यक्ष उठून उभे राहिले. वाचत होते त्या पानात त्यांनी बोट ठेवलेलं होतं.

‘बांधणी तुमची?’

‘माझीच.’ बाबांनी खाली पाहिलं. ‘तिसऱ्या खंडात पातं जास्त गेलं. चूक माझी. अक्षरं गेली.’

‘कुठे गेली?’ अध्यक्ष म्हणाले. ‘सगळी तुमच्या मुलीजवळ आहेत. मी आज ऐकली.’

बाबांनी चिमीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. हळूहळू येऊन त्यांनी अध्यक्षांशेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

‘बसा हो. वाचा,’ ते म्हणाले. ‘मोठ्यानं वाचा. मी नुसतेच बांधले. वाचायला तेव्हा वेळच झाला नाही.’

अध्यक्षांनी घसा साफ केला, बोट ठेवलेलं पान उघडलं आणि वाचायला लागले. चिमी दारात उभी राहून ऐकत होती. आपण जिंकलो, हे तिला पुरतं कळलं होतं.