नवसाच्या मिरच्यांवरचा कागद

इकडे खाली, दगडांच्या मधून बोलतोय तो मी, प्लास्टिकचा एक कागद. कारखान्यातून निघालो तो थेट सोफ्यावर चढलो. ट्युनिशियातल्या आमच्या डोंगरगावात पाहुण्यांच्या खोलीतला सोफा उघडा ठेवत नाहीत. पाहुणे क्वचित येत. एरवी मी आणि बंद खिडकी.

मग घरचा मालक लारूसी आला. बाटल्यांची बुचं बनतात त्या ओकच्या झाडाची साल काढताना तो पडला, म्हणून घरातल्या या एकाच मऊ जागेवर त्याला निजवलं. पायाचं हाड जुळलं, भीती गेली नाही. काठी हाताशी, पण तो उठेना. त्याच्या घामाने मी पाठीला चिकटायचो. दोघंही अडकलेले.

त्याची बायको मबरूका सीदी सालेमच्या दर्ग्यात नवस बोलली: हे आपल्या पायांनी अंगणात आले, तर उन्हाळ्यातल्या उरुसाला साऱ्या गावाला माझ्या हातच्या मिरच्या घालून कुसकुस वाढीन. आणि तयारी आधीच सुरू! एका सकाळी तिने मला ओढून काढलं.

"अगं, पाहुणे काय म्हणतील?" सासूबाई ओरडल्या.

"म्हणतील, सोफा मऊ आहे. इतकी वर्षं कुणाला कळलंच नव्हतं, आई."

तिने अंगणात जुन्या फळ्यांची चौकट केली, आत मिरचीचं बी पेरलं, मला वर ताणून एका कडेला खिळे मारले, बाकी कडांवर दगड. बाहेर बर्फ, आत ऊब. रोपं आली. मला मात्र हलायची सोय नाही.

"नवरा उठेना आणि नवसाच्या मिरच्या उगवल्या!" लारूसी खिडकीतून टोमणा मारायचा.

"त्यांना घाई आहे. तुम्ही या सावकाश," म्हणत ती ऊन चढलं की आठवणीने माझी कड उचलायची.

एकदा सासू-सुना मयताच्या घरी गेल्या. सकाळी ढग होते, म्हणून मी बंद. मग लख्ख ऊन पडलं. माझ्या पोटात वाफ दाटली, रोपांनी माना टाकल्या. मला ऊब धरता येते, सोडता येत नाही.

"अरे, आहे का कुणी?" लारूसीने हाक मारली. कुणीच नव्हतं.

मग भिंत धरत, काठी टेकत, स्वतःलाच शिव्या देत तो आला. दगड लोटला, माझी कड उचलली आणि खाली काठी उभी केली. गार वारा आत शिरला.

मबरूका परतली, तेव्हा तो माझ्याशेजारी चिखलात बसलेला. ती फाटकातच थिजली.

"बघतेस काय? काठी तुझ्या मिरच्यांना दिली. आता मला कोण उठवणार?"

ती हसत होती की रडत, मला नीट दिसलं नाही. माझ्या अंगावरून थेंब ओघळत होते.

मी अजून खिळलेलाच आहे. पण एका बाजूने वारा येतो, काठी अजून तिथेच आहे. सीदी सालेम, ती त्याला परत लागू नये. फेडायला माझ्याकडे काही नाही; उरुसापर्यंत फाटणार नाही, एवढं कबूल.