धुऱ्यावरून गेलेली हाक

दामिनीच्या आईच्या तेराव्याला ऋषिकेश सावनेरला आला होता. मांडवात तिच्या बाबांशेजारी पंगतीला बसला आणि म्हणाला, "काकू गेल्या म्हणजे माझीच आई गेली." दामिनीने स्वतःच्या हाताने त्याला वाढलं. कॉलेजपासूनचा मित्र, हिंगण्यातल्या त्यांच्या छोट्या कंपनीतला भागीदार. तो उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला, तेव्हा तिला रडू आलं होतं.

पुढच्या आठवड्यात ती ऑफिसला गेली, तर तिचं कार्ड दाराला चालेना. वॉचमनने खाली बघत दार उघडलं. तिच्या टेबलावर दुसऱ्याच कोणाचा लॅपटॉप होता.

"तू आईपाशी होती, कामं थांबली होती," ऋषिकेश केबिनमध्ये म्हणाला. "अँटेनाचं पेटंट मी माझ्या नावाने दाखल केलं. आणि इन्व्हेस्टर बोलून राहिले, की अर्धवट वेळ देणारा भागीदार नको."

"कधी केलं?"

त्याने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तारीख पुढे तिनेच शोधून काढली. आई व्हेंटिलेटरवर होती, त्याच दिवसांत. तेराव्याला जेवताना त्याला सगळं ठाऊक होतं. दामिनीच्या मनात पेटंटपेक्षा तो घासच जास्त रुतून बसला.

अँटेना तिची होती, शेवटच्या तारेपर्यंत. संत्र्याच्या बागेत जमिनीची ओल मोजणारे सेन्सर पुरलेले असतात. त्यांची बॅटरी बारकी, आवाज क्षीण, त्यात दाट पानं तो आवाज पिऊन टाकतात. साध्या अँटेनाला सगळीकडचं सारखंच ऐकू येतं, म्हणून तिला दूरचे सेन्सर गोंगाटात सापडत नाहीत. दामिनीने एका खांबावर आठ लहान अँटेना ओळीने बसवल्या. प्रत्येकीचं ऐकणं एकमेकींपेक्षा किंचित मागेपुढे करून ते एकत्र जोडलं, की खांब जागचा न हलता पाहिजे त्या एकाच दिशेला कान लावतो आणि बाकी दिशांना बहिरा होतो. कान कुठे लावायचा हे त्याला कळावं म्हणून प्रत्येक सेन्सर आधी एक ठरलेली हाक देतो. ती हाकही दामिनीनेच लिहिली होती.

"या हाकेले कुलूप पाहिजे," तिने तेव्हाच ऋषिकेशला सांगितलं होतं. "ज्याले हाक माहीत, तो खांबाचा कान आपल्याकडे ओढून घेईल."

"शेतात कोण येऊन राहिलं हाक मारायला?" तो हसला होता. "नंतर पाहू."

खांब उभा होता काटोलजवळ, तिच्या मामांच्या, मनोहररावांच्या बागेत. मामांना सगळं कळलं तेव्हा ते कुदळ घेऊन निघाले होते. "उपटून फेकतो त्याचा खांब! माह्या वावरात काहून ठेवू?"

दामिनीने त्यांचा हात धरला. "राहू द्या मामाजी. त्याचा मोठा कार्यक्रम व्हायचा आहे इथं. होऊ द्या."

मामांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कुदळ भिंतीला टेकवली.

कार्यक्रम जानेवारीत ठरला. बाग ताणावर होती. फूल धरावं म्हणून झाडांचं पाणी तोडलेलं, आणि ओल नेमकी किती उतरली हे कळायला हवं असा तोच काळ. पुण्याच्या एका खत कंपनीचे साहेब ही अँटेना विकत घ्यायची का ते ठरवायला गाड्या घेऊन आले. मंडपात मोठा पडदा लावला. पडद्यावर बागेचा नकाशा, त्यावर सेन्सरांचे हिरवे ठिपके, आणि खांबातून निघालेला एक हिरवा पट्टा ठिपक्याठिपक्यावरून फिरत होता. पुण्याच्या मुख्य मॅडम, भूमिका देशमुख, पुढे वाकून बघत होत्या.

"ही माझी बरीच वर्षांची मेहनत आहे," ऋषिकेश माइकवर म्हणाला.

दामिनी बागेच्या पूर्वेच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या बाभळीखाली बसली होती. तिथून माइकचा आवाज स्पष्ट येत होता. ते वाक्य तिने पूर्ण होऊ दिलं. मग मांडीवरच्या, स्वतः जोडलेल्या डबीचं बटण दाबलं.

डबीने ती हाक द्यायला सुरुवात केली, न थांबता, पुरलेल्या कुठल्याही सेन्सरपेक्षा कितीतरी मोठ्याने. पडद्यावरचा पट्टा वळला, बागेवरून घसरत पूर्वेला गेला आणि धुऱ्यावर येऊन थांबला. बाकीचं सगळं गोंगाट समजून खांबाने कान मिटले. ठिपके एकेक करून काळे पडले.

मंडपात आधी कुजबूज झाली, मग खुर्च्या सरकल्या. ऋषिकेशने लॅपटॉप बंद करून सुरू केला. पट्टा पुन्हा धुऱ्यावरच आला. त्याने त्या दिशेला पाहिलं, आणि बाभळीखाली त्याला दामिनी दिसली. तो झाडांमधून जवळजवळ पळतच आला.

"दामिनी, बंद कर ते. पाया पडतो तुझ्या. सगळे बसून आहेत तिकडे."

"बसू दे."

"तुझं नाव टाकतो पेटंटात. आजच टाकतो."

"मी मागायले नाही आली, ऋषी." तिचा आवाज शांत होता. "माह्या आईच्या तेराव्याले तू जेवला. दोनदा भात घेतला. मी वाढला तुले. घशाखाली उतरला कसा?"

त्याने वळून पाहिलं. मागून भूमिका मॅडम आणि आणखी दोघं धुऱ्याकडे येत होते. मनोहररावही होते.

"काय प्रकार आहे हा?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ही आमची जुनी कर्मचारी," ऋषिकेश घाईने म्हणाला. "मुद्दाम बिघाड करून राहिली."

"ठीक आहे," मॅडम त्याच्याकडे वळल्या. "पण तुम्ही आत्ताच सांगितलं, ही अँटेना नको त्या दिशेला बहिरी होऊ शकते. मग हिच्या दिशेला करा. आमच्यासमोर."

ऋषिकेश लॅपटॉप मांडीवर घेऊन धुऱ्यावरच बसला. त्याने एक खिडकी उघडली, दुसरी उघडली. सगळे बघत उभे होते. दामिनीही. तिला ते संपूच नये असं वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली, तीही तिच्याकडे.

"तुम्हाला येतं?" मॅडमनी दामिनीला विचारलं.

तिने लॅपटॉप घेतला, काही ओळी लिहिल्या. डबी अजून ओरडतच होती, पण पट्टा तिच्यावरून सुटून बागेत परतला. ठिपके हिरवे झाले. मग तिने लिहिलेलं सगळं पुसलं. पट्टा पुन्हा धुऱ्यावर आला, बाग पुन्हा काळी पडली.

"हे तुम्ही बनवलंय," मॅडम म्हणाल्या.

"पेटंट त्याच्या नावावर आहे. त्यालेच विचारा." तिने लॅपटॉप ऋषिकेशच्या मांडीवर ठेवला. "त्याचं आहे, त्यानंच चालवावं."

गाड्या जेवणाआधीच निघून गेल्या. मांडलेल्या खुर्च्यांमध्ये ऋषिकेश एकटाच वायरी गुंडाळत राहिला. मामांनी दामिनीला विहिरीजवळ गाठलं.

"झालं समाधान?"

"हो, मामाजी."

"मंग जेवून घे वं. मामीनं वांग्याची भाजी केली आहे."

ती पोटभर जेवली. पुण्याची बोलणी मोडली आणि होळीच्या आसपास हिंगण्याचं ऑफिस बंद झालं. दामिनीला हेही माहीत होतं, की तिची अँटेना त्यासोबतच गेली. पेटंट त्याच्या नावावर असेपर्यंत तिला स्वतःची वस्तू पुन्हा बनवता येणार नव्हती. त्याचं दुःख तिला होतं. पश्चात्ताप नव्हता.

एप्रिलमध्ये ऋषिकेशचा फोन आला. ती आता नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवत होती. पेटंट तिच्या नावावर करून देतो, फक्त परत ये, मला कोणीच दारात उभं करून राहिलं नाही, असं तो बोलत गेला. दामिनीने त्याचं बोलणं कुठेही तोडलं नाही. व्हरांड्यातल्या सावलीत उभं राहून तिने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

"नाही," ती म्हणाली, आणि वर्गावर गेली.