बसून वाजवायचा बाजा

माझ्या सूरनळीच्या मागच्या बाजूला एक भोक आहे. त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा जास्त झिजली आहे. फरक नखाच्या जाडीएवढा असेल. पुढच्या भोकांवरची बोटं सरळ उचलली जातात. अंगठा मात्र सरकतो, म्हणून त्याची झीज एकाच बाजूला होते.

मित्रांनो, मी एक जुना बॅगपाइप आहे, आयरिश पद्धतीचा. जन्म मात्र भवानी पेठेतल्या लाकूडबाजारामागे, हमीद कातारी यांच्या लेथवर झाला. त्या लेथवर एरवी लाटणी, पाळण्याचे खांब आणि भोवरे होत. मी त्यांच्याकडचं पहिलंच वाद्य.

मला घडवायचं कारण बजरंग हवालदारांची छाती. ते पलटणीत बॅगपाइप वाजवत. पेन्शन घेतल्यावर खडकीत राहिले आणि तिथल्या निवृत्त सैनिकांचा बँड त्यांनी उभा केला. सव्वीस जानेवारीला वसाहतीच्या मैदानावर बँड चालत निघे, तेव्हा सर्वांत पुढे बजरंगराव असत. एका वर्षी डॉक्टरांनी त्यांचा एक्स-रे खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "हवालदार, यापुढे फुंकर मारायची ती फक्त चहावर."

पलटणीतला गोरा साहेब देश सोडून जाताना एक मोडका आयरिश बाजा मागे टाकून गेला होता. तो फडक्यात बांधून बजरंगराव हमीदभाईंकडे आले.

"हे तोंडानं फुंकायचं न्हाई. कोपराखालच्या भात्यानं हवा भरायची. असंच नवं जमंल का?"

"भाता लोहाराला लागतो, हवालदारसाहेब. तुम्हाला काखेत कशाला?"

"छाती गेली म्हणून."

मोडक्या नळ्या हमीदभाईंनी उजेडात धरल्या आणि मापं घ्यायला सुरुवात केली.

माझी नळी शिसवीची आहे. साहेबाच्या बाजात कोमल सुरांची सोय अपुरी होती. बजरंगरावांना भजनं वाजवायची होती, म्हणून हमीदभाईंनी नळीला जास्तीची पितळी झाकणं बसवली. त्यांच्या स्प्रिंगा जुन्या घड्याळांच्या. हवा साठवायची बकऱ्याच्या कातड्याची मशक त्यांच्या पत्नी हुस्नबानू यांनी शिवली. आता एक गोष्ट लक्षात घ्या. नळीचं खालचं तोंड मांडीवर दाबून बंद केलं आणि मशकीवर जोर दिला, की सूर वरच्या सप्तकात उडी घेतो. चालणाऱ्या माणसाला मांडी नसते. म्हणून मला बसूनच वाजवावं लागतं.

हे बजरंगरावांना माझ्याबरोबरच कळलं.

"बसा," हमीदभाई म्हणाले.

"बसून? मी काय लग्नाच्या मांडवातला सनईवाला हाय?"

"माझे चुलते मांडवात सनई वाजवायचे. ऐंशी वर्षं जगले."

बजरंगराव बसले, पण नाइलाजाने. मी वाजलो. आवाज मैदानी बाजाच्या मानाने मऊ आणि बारीक होता. ते म्हणाले, "आवाज बरा हाय." त्यांच्या तोंडी ही मोठी स्तुती होती.

मशक आतून मुरवण्याचं काम त्यांनी स्वतः केलं. पलटणीत मशकीत काकवी घोळवत. तिने कातडं मऊ राहतं आणि टाक्यांतून हवा सुटत नाही. मांजरी गावच्या गुऱ्हाळावरून त्यांनी काकवी आणली आणि रिवाजाप्रमाणे माझ्यात ओतली. हमीदभाईंनीही मान डोलावली. बाजाच्या बाबतीत पलटण चुकेल असं कोणालाच वाटलं नाही.

पंधरवड्याने त्यांनी मला बँडच्या मंडळींसमोर काढलं. खुर्चीवर बसले, भाता हलवला. मी एकदा किंचाळलो आणि बंद पडलो.

"हवालदार," बँडमधला दुसरा पाइपर गेनबा म्हणाला, "कोंबडी अंड्यावर बसली म्हनायची!"

सगळे हसले. बजरंगरावांनी मला ट्रंकेत घातलं आणि तोंडाने फुंकायचा बाजा पुन्हा खांद्यावर घेतला. ट्रंकेतून मला दोन गोष्टी ऐकू येत: त्यांचा खोकला आणि त्यांच्या पत्नी मथुराबाई यांचं बोलणं.

"अहो, रुमाल वेगळा टाका धुवायला. लाल डाग बाकीच्या कपड्यांना लागतात."

"पान खाल्लं होतं."

"हो का? सुपारीसुद्धा न परवडणारा माणूस पान कधीपासून खायला लागला?"

शेवटी मथुराबाईच मला घेऊन भवानी पेठेत गेल्या. हुस्नबानूंनी मशकीचे टाके उसवले, आतून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"साखर झालीय," त्या म्हणाल्या. "तोंडाच्या वाफेनं काकवी ओली राहत असेल. भात्याची हवा कोरडी."

तेच साखरेचे कण सूर काढणाऱ्या माझ्या पातळ पत्तीत अडकले होते. हुस्नबानूंनी मशक धुऊन वाळवली आणि एरंडेलात मेण वितळवून आतून चोळलं. मी पुन्हा वाजू लागलो.

त्यानंतर बजरंगराव मला रोज वाजवत, पण दार लावून. रविवारी सरावाला दुसराच बाजा जाई. "फुंकणं सोडतोय म्हणून बँडला सांगितलंत का?" मथुराबाई विचारत. "बघू," ते म्हणत. दिवाळीत बघू, संक्रांतीला बघू.

मित्रांनो, मी आता हमीदभाईंच्या मुलीकडे, सिताराकडे असतो. पावसाळ्याआधी ती माझ्या मशकीला मेण लावते आणि पत्ती तपासते. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला जपा, पण आधी तिला काय मानवतं ते पाहा. दुसऱ्याला लागू पडलेला उपाय तिला चालेलच असं नाही. माझं नुकसान करणाऱ्यांनी माझी काळजीच घेतली होती.

बजरंगरावांचं सांगायचं राहिलं. सव्वीस जानेवारीच्या आधीचा शेवटचा सराव होता. सकाळची वेळ. त्या दिवशी मथुराबाई न विचारता मैदानावर आल्या आणि मला जुन्या लुगड्यात गुंडाळून काखेत धरून निंबाखाली उभ्या राहिल्या. बँड रांगेत होता. बजरंगराव सर्वांत पुढे गेले, बाजा खांद्यावर घेतला आणि फुंकू लागले. मशक अर्धी भरली. मग खोकला आला. मशकीतली हवा कण्हत बाहेर पडली. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच झालं.

या वेळी कोणी हसलं नाही. गेनबा स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

बजरंगरावांनी रुमाल तोंडावर धरला, तो पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. ते रांगेतून बाहेर आले.

"गेनबा, फुडं ये. आजपासनं म्होरं तू चालायचं."

"आन् तुम्ही, हवालदार?"

बजरंगरावांनी निंबाकडे पाहिलं. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमचं चालणं झालं की समद्यांनी गप उभं ऱ्हायचं. मी बसून वाजवनार हाय."