खोडवा फुटलाच नाही

मित्रांनो, मी एक जुना ऊसतोडीचा कोयता आहे. खरं तर तुमच्यासमोर यायला मला तोंड नाही. पण गप्प राहिलो तर आणखी लाज वाटेल, म्हणून बोलतो.

नंदुरबारकडच्या एका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून मला घडवलं. उखा आणि त्याची बायको सुभद्राबाई मला घेऊन सीमेपलीकडे चलथाणच्या पट्ट्यात ऊसतोडीला आले. काय दिवस होते ते! उखा ऊस अगदी जमिनीसरसा कापायचा. तसा कापला की खोडवा जोमाने येतो, म्हणजे बुडख्यातून ऊस पुन्हा फुटतो. "कोयता चालवावा तर उखानं," असं मुकादम म्हणायचा आणि फुगायचो मात्र मी. खंडेनवमीला सुभद्राबाई मला धुऊन हळदकुंकू लावायची.

पुढे दोघांनी ऊसतोड सोडली आणि इच्छापोरजवळ खाडीकाठी एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. एका ठेकेदाराला खाडीची जागा साफ करून हवी होती. त्या कामावर उखा लागला आणि मीही. पहिल्याच दिवशी शेजारचे रमणकाका धावत आले. ते मासेमारी करायचे.

"आ चेर छे, भाई! शेरडी नथी!" चेर म्हणजे आपली खारफुटी आणि शेरडी म्हणजे ऊस.

उखा हसला. "चिंता मत करो काका, खोडवा फूटेगा ना!"

त्याच्या मनात पाप नव्हतं हो. जन्मभर ऊस तोडलेला माणूस तो, त्याने झाडंही तशीच जमिनीसरसी कापली. चिखलातून वर आलेल्या खुंट्या पायाला टोचत होत्या, त्याही माझ्याकडून सपाट करून घेतल्या. ती श्वास घेणारी मुळं होती, झाडांची नाकंच म्हणा ना! हे आम्हा शहाण्यांना कुठं ठाऊक? मुळांच्या आडोशाला कोळंबीची इवली पिल्लं होती. मी ती पाहिली, तरी चाललो. आणि मला मजाही आली. हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बुडखे भरतीच्या पाण्याखाली कुजले. उखा रोज जाऊन कोंब शोधायचा आणि खाली मान घालून परत यायचा. पूर्वी ती मुळं चिखल धरून ठेवायची, लाटांचा जोर तिथंच मोडायचा. आता काठ ढासळू लागला. श्रावणातल्या अमावास्येला दुपारी उधाण आलं.

"घरमा पानी उनं वं माय!" सुभद्राबाई ओरडली.

बघता बघता पाणी कमरेला लागलं. रमणकाका आपली होडी खारफुटीला बांधायचे. यंदा झाडच नव्हतं, म्हणून त्यांनी एक मेख ठोकली होती. ती उखडली, होडी भिंतीवर आदळून फुटली. तरी सुभद्राबाईला हात धरून बाहेर काढलं ते त्यांनीच.

पाणी ओसरल्यावर काका खारफुटीच्या बिया घेऊन चिखलात उतरले. त्यांच्या मागोमाग उखाही उतरला आणि बिया रोवू लागला. निम्म्या वाहून जातात. तो पुन्हा रोवतो. माझ्याकडे बघतही नाही.

खंडेनवमी आली. सुभद्राबाईने ताट उचललं तेव्हा मी उगीच आशेनं बघत राहिलो. ती माझ्यासमोरून गेली ती थेट खाडीवर. तिथल्या वीतभर रोपाशी वाकून तिने हळदकुंकू वाहिलं. "यंदा कोयताले नई," ती उखाला म्हणाली. "याले."

वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण तिचंच बरोबर होतं. काठ राखणारी, मासळी वाढवणारी, हवेतला कार्बन चिखलात दाबून ठेवणारी झाडं मी आठवड्यात आडवी केली. ती उभी राहायला कितीतरी वर्षं लागतील.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा कोयता खाडीकडे निघालेला दिसला तर आडवे या. "हा ऊस नव्हे," एवढं तरी सांगा. आम्हालाही सांगितलं होतं. आम्ही हसलो होतो.