तिसऱ्या गाण्यातली बासरी

मी एक सीडी बोलतेय. हो, तीच ती गोल आणि चकाकणारी, जिच्यावर हल्ली लोक चहाचा कप ठेवतात, नाहीतर कबुतरं येऊ नयेत म्हणून जिला गॅलरीत सुतळीनं टांगतात. माझ्या कितीतरी बहिणी कर्वेनगरच्या गॅलऱ्यांत अशाच फासावर गेल्या. मी वाचले. मला एक हिशेब चुकता करायचा होता, आणि तो झाल्याशिवाय टांगून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मला गोड स्वभावाची समजू नका. माझ्यावर सुनीतीबाईंची भावगीतं आहेत, संध्याकाळी ऐकावीत अशी, पण म्हणून मीही तशीच असेन असं कुणी सांगितलं? कात्रजच्या सर्पोद्यानातल्या नागानं धरला नसेल एवढा डूख मी धरला होता. तो कुणावर आणि का, तेच सांगते.

माझा जन्म सदाशिव पेठेतला. तळमजल्यावर श्यामसुंदर यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, एकच खोली, भिंतींना गाद्या मारलेल्या, आणि कोपऱ्यात यंत्रं. श्यामसुंदर बोलायला फार सभ्य. समोरच्याला 'आपण' म्हणत आणि वीज वाचवायला पंखा बंद करत. त्यांच्याकडे तनुजा नावाची मुलगी कामाला होती. कात्रजहून रोज पीएमटीच्या बसनं यायची. तिचे वडील गेनबा आधी शेती करायचे, नंतर डेअरीत लागले. घरात गाण्याचा गंध नाही, पण पोरीचा कान असा, की दुधाचा कॅन रिकामा की अर्धा भरलेला हे ती दारातून आवाजावर सांगायची.

'उतरती उन्हं' हे माझं नाव. तिसरं गाणं ध्वनिमुद्रित झालं त्या दिवशी श्यामसुंदर तनुजाकडे किल्ल्या देऊन चिंचवडला लग्नाला निघून गेले. खोलीत सुनीतीबाई, सारंगीवाले रंगराव आणि कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून तनुजा. तबला-डग्गा आदल्या दिवशीच वाजवून घेतला होता. बाईंचा गळा त्या दिवशी असा काही लागला की रंगरावांनी मध्येच डोळे पुसले. आणि नेमकं दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या मजल्यावर वेणूबाईंच्या कुकरनं शिट्टी दिली.

एक नाही, तीन दिल्या. तिसरीच्या पाठोपाठ वेणूबाईंचा आवाजही आला. वेणूबाईंचा आवाज सदाशिव पेठेतून निघून नारायण पेठेत ऐकू जायचा, तिथे गाद्या मारलेल्या भिंतींचा काय पाड?

तनुजानं बाईंना पुन्हा गायला लावलं. पुन्हा झालंही, पण ते पहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "आता नाही गं व्हायचं. ते गेलं." तेव्हा तनुजा म्हणाली, "गेलं नाही, बाई. मी काढते त्यातून."

पुढचे कितीतरी दिवस ती मला घडवत बसली. गाण्याचं मिक्सिंग म्हणजे गळा किती पुढे घ्यायचा, डग्गा किती मागे ठेवायचा, सारंगी कशी बाईंना चिकटून चालवायची, हे सगळं ठरवणं. तिनं गळा, डग्गा, सारंगी मधोमध बसवली. खोलीचा नाद पकडायला दोन भिंतींशी जे दोन माइक लावले होते, ते एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवले. कुकर सगळ्यात जास्त त्यांच्यातच शिरला होता. पहिल्या दोन शिट्ट्या तिनं कापून काढल्या. तिसरी मात्र योगायोगानं बाईंच्या सुराला अगदी लागून आली होती. तिनं तिच्यातला फस्सफस्स काढला, मागे थोडा घुमारा दिला, आणि लांब कुठेतरी, नदीपलीकडे कुणी बासरी वाजवतंय असं ते ऐकू यायला लागलं. वेणूबाईंचं बोलणं तिनं सारंगीच्या पोटात असं दडवलं की खुद्द वेणूबाईंनाही सापडू नये.

हे माझं बाळंतपण. ते कुणी केलं ते मला माहीत आहे. जन्मलेल्याला आई सांगावी लागत नाही.

मग छापून आलेलं खोकं उघडलं. माझ्या डबीतल्या कार्डावर लिहिलं होतं: ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग, श्यामसुंदर. तनुजानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. तिचं नाव कुठेच नव्हतं.

"सर, माझं नाव राहिलं का?"

"अहो, कार्डावर जागा नव्हती," श्यामसुंदर म्हणाले. "आपण सगळे एकच ना?"

त्याच कार्डावर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यच्या चहाबद्दल आभार मानले होते. तेवढी जागा होती.

संध्याकाळी कात्रजला गेनबांनी चष्मा लावून ते कार्ड हातात घेतलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मागची बाजू वाचली. पुन्हा पुढची वाचली. मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लई बारीक छापलंय. मला काय दिसंना." त्यांना सगळं दिसलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि कार्ड माझ्या डबीत परत सरकवलं. डूख धरला तो त्या क्षणी.

तनुजानं ते काम सोडलं. पुढे कर्वेनगरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन स्वतःचं छोटं काम सुरू केलं, मुलामुलींना शिकवू लागली. मी तिच्याबरोबर होते, पण डबी नेहमी पालथी, कार्ड खाली. ती मला गाणं म्हणून लावायची नाही, माप म्हणून लावायची.

हे माप म्हणजे काय ते सांगते. नव्या खोलीत, नव्या स्पीकरसमोर बसलेला शहाणा माणूस आधी स्वतःचं काम लावत नाही. प्रत्येक खोली खोटं बोलते. कुणी डग्गा फुगवून सांगते, कुणी गळा झाकते. म्हणून आधी असा अल्बम लावायचा की जो आपल्या हाडीमाशी खिळलाय. नव्या काट्यावर आधी ओळखीचं वजन ठेवून बघतात, तसंच. तो अल्बम फार भारी असायला हवा असंही नाही, पण अगदी ओळखीचा हवा. त्याला 'रेफरन्स' म्हणतात. आणि पुण्यातल्या निम्म्याअधिक स्टुडिओंत तो रेफरन्स मी होते. कुणीही नवे स्पीकर घेतले की म्हणायचं, "आधी 'उतरती उन्हं' लाव." माझ्या हजारभर बहिणी अशा राबत होत्या, आणि दरवेळी कुणीतरी कार्ड वाचून म्हणायचं, "श्यामसुंदर सर म्हणजे काय कान आहे!"

आमच्या अंगावर काटा येत नाही, ओरखडा येतो.

श्यामसुंदर मोठे झाले. सत्कार झाले, शाली जमल्या. मुलाखतीत कुणीतरी तिसऱ्या गाण्यातल्या त्या दूरच्या बासरीबद्दल विचारलं. त्या दिवशी ते चिंचवडला श्रीखंड खात होते, त्यांना काय ठाऊक? पण 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडाला कधी लागलेच नव्हते. म्हणाले, "ती कल्पना माझी." पुढच्या मुलाखतीत बासरीवाला आला. त्याच्या पुढच्या मुलाखतीत त्याला मुठेच्या पलीकडच्या काठावर उभं करून इकडून माइक लावला. दरवर्षी नदी जरा रुंद व्हायची. मी ऐकत होते. बोला म्हटलं, आणखी बोला.

यंदा मला छापणाऱ्या कंपनीनं ठरवलं की मला नव्यानं काढायचं, मोठ्या काळ्या रेकॉर्डवर, सोबत पुस्तिका. पुस्तिका श्यामसुंदर लिहिणार. तनुजाच्या कानावर हे आलं. सीडी काय, आज ना उद्या गॅलरीत टांगली जाते. पण पुस्तिकेत जे छापतील ते कायमचं. गेनबा ऐंशीच्या घरात आले होते. या वेळी नाव आलं नाही, तर ते कधीच यायचं नव्हतं.

त्याच सुमारास कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये श्यामसुंदरांची कार्यशाळा लागली. विषय, 'ओळखीचा अल्बम कसा निवडावा'. कंपनीचा पियुष नावाचा तरुणही येणार होता. तनुजाची विद्यार्थिनी वल्लरी तिथे निघाली, तेव्हा तनुजानं मला पहिल्यांदा डबीसकट उचलून तिच्या हातात दिलं.

"त्यांना विचार, मधलं काढून बासरी सुटी ऐकवाल का? नम्रपणे विचार."

"मॅम, का पण? काही सीन आहे का?"

"तू फक्त विचार."

तनुजा स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

श्यामसुंदर छान बोलले, हे कबूल करायला हवं. मुलांना म्हणाले, "अल्बम आवडीचा असून भागत नाही, नसानसांत भिनलेला हवा. आपणच केलेला असेल तर सोन्याहून पिवळं. माझा रेफरन्स मीच केलेला आहे." टाळ्या झाल्या. मग नदी आली, पलीकडचा काठ आला, बासरीवाला आला. वल्लरी उठली.

"सर, ती बासरी सुटी ऐकता येईल? आय मीन, डाव्यातून उजवं वजा करून. मधलं सगळं गेलं की कडेचं राहील ना?"

ही युक्ती कराओके करणारी शाळकरी पोरंही करतात. दोन्ही कानांना जे सारखं पोचतं ते एकमेकांतून वजा झालं की नाहीसं होतं, म्हणजे मधोमध बसवलेला गळा जातो, सारंगी जाते. उरतं ते फक्त कडेचं.

"अवश्य," श्यामसुंदर म्हणाले. "आपल्याला शिकण्यासारखं आहे."

मला यंत्रात घातलं. मी आयुष्यात इतकी आनंदानं कधी फिरले नव्हते.

बाईंचा गळा विरला. सारंगी विरली. हॉलभर नुसता सदाशिव पेठेतल्या त्या खोलीचा नाद उरला. दुसरा अंतरा आला, आणि कुकरची शिट्टी झाली. कसली बासरी आणि कसली नदी! चांगला पाच लिटरचा कुकर होता. आणि लगेच, वीस वर्षं सारंगीच्या पोटात दडून बसलेल्या वेणूबाई खणखणीत बोलल्या:

"सुशीले, तीन झाल्या गं! गॅस बंद कर, डाळीचा लगदा होतोय!"

हॉल हसला. असा हसला, की विचारू नका.

श्यामसुंदरांनी घसा साफ केला. "ती... ती वातावरणनिर्मिती आहे."

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, पलीकडच्या काठावर डाळ शिजत होती का?"

मी थांबले नाही. गाणं संपलं. शेवटचा सूर मधोमधचा, तोही गेला. त्या रिकाम्या जागेत एका तरुण मुलीचा अगदी हळू आवाज आला: "झालं, बाई. पाणी देऊ?"

या वेळी कुणी हसलं नाही. शेवटच्या रांगेतली बाई उठून उभी राहिली होती.

"तो आवाज माझा आहे," तनुजा म्हणाली. "खोलीत त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. पहिल्या दोन शिट्ट्या मी काढल्या. तिसरी सुरात आली म्हणून ठेवली. सर चिंचवडला लग्नाला गेले होते."

श्यामसुंदरांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी 'आपण' सुटलं नाही. "तनुजा, आपण इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले होते, सर. आपण म्हणालात, कार्डावर जागा नाही."

मला त्यांची कीव यायला हवी होती का? नाही आली. आजही येत नाही.

पियुष दुसऱ्याच दिवशी तनुजाकडे आला. पुस्तिका आता तिनं लिहावी, आणि हवं तर नव्या सॉफ्टवेअरनं ती शिट्टी साफ करून टाकू, म्हणाला.

"शिट्टी राहील," तनुजा म्हणाली. "नावं मी सांगते तशी घाला."

नवी रेकॉर्ड आली तेव्हा ती कात्रजला घेऊन गेली. गेनबांनी चष्मा लावला, बोट ठेवलं. 'ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग: तनुजा गेनबा' यावर बोट थांबलं. मग खाली सरकलं.

"ही वेणूबाई कोन हाय? तुमच्यात बासरी वाजवायची व्हय?"

पुस्तिकेत तसंच छापलंय: 'बासरी: वेणूबाई'. त्याखाली श्यामसुंदरांचंही नाव आहे, ते गाळलेलं नाही. त्यांनी त्या दिवशी जे केलं ते बरोबर लिहिलंय: 'किल्ल्या: श्यामसुंदर'. जागा भरपूर होती.

पण माझा खरा सूड याच्या पुढे आहे. आता सगळ्यांना गुपित कळलंय, तर पुण्यातल्या स्टुडिओंत एक नवी रीतच पडली आहे. स्पीकर चांगले की वाईट, खोली खरं बोलते की खोटं, हे कसं ठरवायचं? मला लावायचं, तिसऱ्या गाण्यावर जायचं, आणि सारंगीच्या आत वेणूबाई ऐकू येतात का ते बघायचं. ऐकू आल्या, तर खोली पास. त्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही.

परवा एरंडवण्यातल्या नव्या स्टुडिओत श्यामसुंदर कामाला आले होते. तिथल्या मुलानं आदरानं खुर्ची दिली, आणि सवयीनं आधी मला लावलं. दुसरा अंतरा गेला.

"सर, वेणूबाई नीट ऐकू येतायत ना?"

श्यामसुंदरांनी खुर्ची पुढे ओढली. "येतायत," ते म्हणाले. मगच त्यांचं काम सुरू झालं.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. घरात माझी एखादी बहीण असेल, तर तिला गॅलरीत टांगू नका. पुसताना मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल घासू नका. मला अजून खूप टिकायचंय. श्यामसुंदरांची तब्येत ठणठणीत आहे, आणि पुण्यात रोज नवे स्टुडिओ निघतायत.